तीस सा जव आणि एक चिलखत

इ.स. 632 मध्ये हजरत पैगंबर मुहंमद (स.) यांचे मदीनेत निधन झाले, तेव्हा त्यांचे चिलखत एका यहुदी गृहस्थाकडे गहाण होते. घरच्यांसाठी तीस सा जव उधार घेतले होते, त्याचे ते तारण. (सा हे त्या काळचे धान्याचे माप.) हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली ही हकीकत इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. मदीनेची सत्ता ज्यांच्या हाती होती, त्यांनीही उधारीसाठी तारण दिले, तेही अन्य धर्मीयाला. गरजेपोटी गहाण टाकण्यात कमीपणा नाही, हे यातून स्पष्ट होते.

मग नीतीचा प्रश्न उरतो तो धनकोचा. गहाणाला अरबीत 'रहन' म्हणतात, उर्दूत आपण 'रेहन' म्हणतो. कुरआनात (2:283) प्रवासात लेखनिक न मिळाल्यास तारण ताब्यात देण्याची मुभा आहे आणि त्याच आयतीत अमानत परत करण्याची ताकीदही आहे. इस्लामपूर्व अरबांत मुदत टळली की गहाण वस्तू धनकोची होई. पैगंबरांनी ही रीत बंद केली. वस्तूचा लाभ मालकाचा आणि तोटाही मालकाचाच राहिला. कर्ज फिटलेच नाही, तर काजीमार्फत वस्तू विकावी, धनकोने आपले येणे घ्यावे आणि उरलेली रक्कम मालकाला परत द्यावी.

पण ताब्यातली वस्तू धनकोने वापरावी का? गहाण जनावराला चारा घालणाऱ्याने त्यावर बसावे, त्याचे दूध प्यावे, अशी हदीस आहे. इमाम अहमद बिन हंबल यांनी खर्चाच्या प्रमाणात ही सवलत मान्य केली. इतर बहुतेक फकिहांनी तीही मानली नाही. काही हनफी विद्वान म्हणत, मालकाने परवानगी दिली तर हरकत नाही. त्यावर दमास्कसचे इब्न आबिदीन (मृत्यू 1836) यांच्या ग्रंथातले उत्तर मार्मिक आहे. लोक बहुधा वापराच्या आशेनेच कर्ज देतात. ती आशा नसती तर पैसे दिलेच नसते. जे रूढ आहे, ते न बोलताही अटच ठरते. आणि कर्जावर अटीने मिळणारा लाभ म्हणजे व्याज.

हे वाचताना मी थांबलो. मुंबईत 'हेवी डिपॉझिट'वर घर घेतात. मोठी रक्कम द्यायची, भाडे न देता राहायचे आणि जाताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. मीही अशा घरात तीन वर्षे राहिलो. घरमालकाला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते. व्याज घेतले नाही, याचे मला समाधान होते. आज हिशेब मांडतो, तेव्हा छत्तीस महिन्यांचे भाडे माझ्याकडे निघते.

बँकेचे व्याज आपल्याला चटकन दिसते. दुसऱ्याच्या अडचणीत मिळालेले फुकटचे छप्पर मात्र दिसत नाही. गहाण वस्तू अमानत आहे, हे वर्गात मुलांना शिकवणे सोपे. ती ताब्यात असताना लक्षात ठेवणे कठीण.