कारागिराची पारख

महाड तालुक्यांतील रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराचें नांव कोरलेलें आहे. तेथीलच संस्कृत शिलालेखांत त्यानें उभारलेल्या विहिरी, तळीं, गजशाळा, राजवाडे यांची गणना असून, तीं सर्व चंद्रसूर्य असेपर्यंत टिकोत अशी इच्छा प्रकट केली आहे. लेखाचा शक १५९६, म्हणजे राज्याभिषेकाचें वर्ष १६७४. हिरोजी कोणापाशीं शिकला, हें तेथें सांगितलेलें नाहीं. काम दाखविलें, करणाराचें नांव दिलें, आणि निवाडा कोंकणच्या पावसाळ्यांवर सोपविला.

हजारों मुलांस धंदा शिकवावयाचा, तर इतकी वाट पाहणें शक्य नसतें. १९५० सालीं भारत सरकारनें कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. १९५६ सालीं तिच्यासाठीं राष्ट्रीय परिषद निघाली, आणि आयटीआयची परीक्षा देशभर एका मापाची झाली. फिटरच्या मुलानें कानशीनें घासून बसविलेला जोड परीक्षक व्हर्नियरनें मापतो. त्या साधनानें मिलिमीटरचा पन्नासावा भाग कळतो. या कसोटीस आम्ही मुळींच कमी लेखीत नाहीं. जातीच्या धंद्याबाहेरचें हुन्नर शिकून वशिल्यावांचून प्रमाणपत्र मिळविण्याची वाट तिनें उघडली; आणि ज्या महाडांत १९२७ सालीं तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, तेथें ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु ही परीक्षा मोजते तें एका दिवसाचें काम. एके काळीं मुंबईची वाट धरणाऱ्या महाड-पोलादपूरच्या मुलांस आतां महाडच्या औद्योगिक वसाहतींतही काम मिळतें, आणि तेथें रासायनिक कारखान्यांचा भरणा आहे. अशा कारखान्यांतील चांगल्या कामाची खूण मागें उरत नाहीं. रात्रपाळींत वाढलेला दाब वेळीं ओळखून कोणीं व्हॉल्व्ह फिरविला, तर सकाळीं दाखविण्यासारखें कांहींच नसतें! ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं तेथील एका कारखान्यांत स्फोट होऊन ११ कामगार प्राणास मुकले. त्याचीं कारणें शिक्षणांत शोधावीं असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र अशा जागीं शिकलेल्या हातास खरोखर काय येतें, हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा राहत नाहीं.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें शिक्षणाचा कांहीं भाग कारखान्यांत नेला, व जुना उस्ताद निराळ्या वेषांत परत आला. दुर्दैवानें मोजदाद करतांना त्याचें मत मागें पडतें. संस्थेची प्रत ठरविण्यास निकालाचें शेंकडा प्रमाण व नोकरीस लागलेल्यांची संख्या हाताशीं असते. पांच वर्षांनीं तो मुलगा कोणतें काम एकट्यानें करतो, आणि धोका दिसतांच कोणत्या कामास नकार देतो, हें त्याच्या फोरमनास ठाऊक असतें. त्या फोरमनास क्वचितच कोणी विचारतें. महाडांत तर हें विचारणें अवघड नाहीं. वसाहत गांवापासून दूर नाहीं, आणि शिक्षकानें वर्षांतून चार दिवस काढून आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या यंत्रांपाशीं उभें राहिलें, तरी पुरे.