अणुभट्टीचा निरोप

उल्हासनगर आणि बदलापूर यांच्यामध्ये अंबरनाथ वसले आहे. तेथील शिवालयातला शिलालेख 1060 सालचा. पाथरवटांनी छिन्नीने दगड कोरला, पुढे त्याच गावी यंत्रे घडविणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आला. हत्यार बदलले, तरी कारागीर कामापाशीच उभा राहिला.

अणुभट्टी मोडताना मात्र त्याला दूर उभे राहावे लागते. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ 4 ऑगस्ट 1956 रोजी सुरू झाली आणि 2009 मध्ये थांबली. अशा भट्टीतले पोलाद न्यूट्रॉनांचा मारा सोसून स्वतःच किरणोत्सर्गी होते. त्यातल्या कोबाल्ट-60 चा जोर सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो, म्हणून आधी वाट पाहायची, मग कापायचे. अमेरिकेत एल्क रिव्हरची भट्टी 1970 नंतर दुरून चालविलेल्या प्लाझ्मा-ज्वालेने पाण्याखाली कापली गेली. पाणी किरणही अडविते, धूळही धरून ठेवते.

तारापूरच्या 1969 सालच्या भट्ट्यांनाही एक दिवस निरोप द्यावा लागेल. वाचकहो, बांधणाऱ्यांची नोंद शिळेवर राहिली. नीट मोडणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार?