गांजा आणि कारणाचा रकाना

भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त (सोळावे शतक) भंगा ही कफहारक, ग्राही व पाचक म्हणून येते. त्याच श्लोकात ती पित्तकर आणि मोह, मद, वाणी व जठराग्नी वाढविणारी असल्याचेही म्हटले आहे. मोह आणि पाचन तेथे शेजारी बसतात. औषध एकीकडे व धोका दुसरीकडे, अशी विभागणी निघंटूकार करीत नाही. मात्रा आणि प्रकृती पाहणे हे वैद्याचे काम.

कलकत्त्यात १८३९ मध्ये विल्यम ओ'शॉनेसी यांनी गांजावर निबंध सादर केला, तेव्हा आधी संस्कृत व फारसी ग्रंथांतील मजकूर जमविला. त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांचे साहाय्य होते. मग प्राण्यांवर आणि नंतर संधिवात, धनुर्वात, पटकी यांच्या रुग्णांवर प्रयोग झाले. जलसंत्रासाचा रुग्ण वाचला नाही, पण त्याच्या यातना सुसह्य झाल्या. संधिवाताच्या एका रुग्णाचे अवयव जसे ठेवावेत तसेच राहू लागले, हेही ओ'शॉनेसींनी लपविले नाही. त्यानंतर मात्रा कमी करण्याकडे त्यांचा कल झाला. निघंटूतील 'मोह' येथे रुग्णाच्या खाटेपाशी पाहिलेली घटना होतो.

शतकाच्या अखेरीस हाच शब्द सरकारी कागदावर आला, आणि तेथे त्याचे रूप पालटले. ब्रिटिश संसदेत १८९३ मध्ये प्रश्न उपस्थित झाल्यावर नेमलेल्या आयोगापुढे गांजामुळे वेड लागते याचा मुख्य पुरावा होता तो वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांचा. रुग्णासोबत येणाऱ्या वर्णनपत्रात वेडाच्या कारणाचा रकाना असे. तो बहुधा पोलीस भरीत, आणि काही सापडले नाही की 'गांजा' लिहिणे सोयीचे असे. हे साहित्यप्रकाराचेच बंधन म्हणावे लागेल: रिकामा रकाना खपत नाही. आयोगाने १८९२ मधील प्रवेशांची फेरतपासणी केली. एकूण १,३४४ रुग्णांपैकी २२२ गांजा-भांगेच्या नावे मांडलेले होते. त्यांपैकी ९८ टिकले, आणि केवळ या पदार्थांमुळेच म्हणता येतील असे ६१. मर्यादित सेवन सामान्यतः निरुपद्रवी, अतिसेवन घातक, असा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात आला.

तो निष्कर्ष आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. किशोरवयातील व तीव्र प्रकारांच्या नित्य सेवनाचा मनोविकारांशी असलेला संबंध आता अभ्यासांतून वारंवार दिसला आहे. पोटात घेतलेल्या भांगेचा अंमल उशिरा चढतो. तो चढला नाही असे समजून पुन्हा घेणाऱ्याची मात्रा नकळत दुप्पट होते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मात्र शेंडे सोडून असलेली पाने 'गांजा'च्या व्याख्येबाहेर ठेवली.