कॉकपिटमध्ये कॉफी सांडली तर काय होतं?

मागे एकदा माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला. मदरबोर्ड गेला आणि खिशाला चांगलीच चाट बसली. तेव्हा डोक्यात प्रश्न आला, हेच विमानाच्या कॉकपिटमध्ये झालं तर? शोधलं तर कळलं, असं खरंच झालंय!

१) कॉफी आणि ऑडिओ पॅनल
फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्रँकफर्टहून मेक्सिकोतल्या कानकूनला निघालेल्या एअरबस ए३३० मध्ये कॅप्टनचा कप कलंडला. कॉफी ऑडिओ पॅनलमध्ये शिरली. आधी एक पॅनल बंद पडलं, मग दुसरंही तापलं आणि धूर येऊ लागला. रेडिओवर बोलणंच अवघड झालं, म्हणून विमान आयर्लंडमधल्या शॅननला उतरवावं लागलं.
चौकशीत काय निघालं? कपाला झाकण नव्हतं. शिवाय तो होल्डरमध्ये नीट बसत नसल्यामुळे पायलट कप समोरच्या टेबलावरच ठेवायचे.

२) कॅमेरा आणि साइडस्टिक
फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात कॅप्टनचा कॅमेरा आर्मरेस्ट आणि साइडस्टिकच्या मधे होता. (साइडस्टिक म्हणजे विमान वळवायची, वर-खाली न्यायची दांडी.) कॅप्टनने सीट पुढे घेतली, कॅमेऱ्याने दांडी पुढे दाबली आणि विमान २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली आलं! विमानातल्या आपोआप काम करणाऱ्या संरक्षण यंत्रणेमुळे मोठा अनर्थ टळला.

३) इंजिनच बंद
पुढे दोन वेगवेगळ्या ए३५० विमानांमध्ये इंजिनच्या कंट्रोल पॅनलवर पेय सांडलं आणि उडत असतानाच एकेक इंजिन बंद पडलं. दोन्ही विमानं दुसऱ्या इंजिनवर सुखरूप उतरली. २०२० मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने आदेशच काढला, कॉकपिटच्या या भागात पेय न्यायचं नाही.

मग उपाय काय?
सॉफ्टवेअरमध्ये आम्ही युजरला 'चुकीचं बटण दाबू नका' असं सांगून गप्प बसत नाही, ते बटण दाबलंच जाणार नाही अशी सोय करतो. इथेही तेच. पहिल्या घटनेनंतर त्या विमान कंपनीने झाकण असलेले, होल्डरमध्ये बसणारे कप द्यायला सुरुवात केली. माणूस चुकणारच, हे धरून चाललं की उपाय सापडतो.

तुमच्यासाठी एक टीप
विमानात तुमचा फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करू नका. फोन चिरडला तर लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. जागचं हलू नका, बेल दाबा आणि केबिन क्रूला बोलवा. आणि हो, पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, सोबतच्या बॅगेतच ठेवायची. आग लागलीच, तर ती कोणाच्या तरी लगेच लक्षात यायला हवी ना!