या ६, रू ३००

इ. स. १२०७. तुझ्या पायाखाली पाटणची माती आहे, आजच्या चाळीसगावजवळची. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढलाय. आत ये, मुलांच्या रांगेत बस. समोरच्या पाटीवर धूळ पसरलेली आहे. लिहायचं बोटाने, चुकलं की तळहात फिरवायचा.

गुरुजी त्या ग्रंथांपैकी ‘बीजगणिता’तलं उदाहरण घालतात. एकाकडे ६ घोडे आणि ३०० नाणी. दुसऱ्याकडे १० घोडे, पण १०० नाण्यांचं कर्ज. घोडे सगळे एकाच किमतीचे, दोघांची मालमत्ता सारखी. एका घोड्याची किंमत किती?

मग ते धुळीत दोन ओळी काढतात:

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या १०० च्या डोक्यावर टिंब देतात, म्हणजे ती संख्या ऋण. अधिकची खूण नाही, बरोबरची नाही. बरोबरची खूण इंग्लंडात १५५७ साली छापली जाईल. इथे दोन ओळी एकाखाली एक आल्या की त्या समान.

‘या’ म्हणजे यावत्तावत्, तुझ्या वहीतला एक्स. ‘रू’ म्हणजे रूप, ज्याला तू स्थिर पद म्हणतोस किंवा म्हणतेस. ‘या’च्या पुढचा ६ हा सहगुणक.

“‘या’ म्हणजे घोडा ना?” तुझ्या तोंडून निघून जातं.

“घोडा नव्हे बाळा, घोड्याची किंमत. पाटीवर संख्याच मांडायची.”

इथे घाई करू नकोस. बीजगणित अवघड वाटणारी किती तरी मुलं नेमकी याच जागी अडकतात. अक्षराला ती वस्तूचं नाव समजतात आणि मग ६ घोड्यांत ३०० नाणी कशी मिळवायची, हे त्यांना कळेनासं होतं. किंमत ठाऊक नसली तरी ती संख्याच आहे. म्हणून तिची सहापट करता येते, तीत ३०० मिळवता येतात.

आता ‘या’खाली ‘या’ आहे, ‘रू’खाली ‘रू’. सजातीय पदं आपोआप जुळली. दोन्ही ओळींतून ६ या काढ. वर ३०० उरले, खाली ४ या आणि कर्ज १००. दोन्हीकडे १०० मिळव. ४ या म्हणजे ४००. किंमत १००. पडताळा घे: दोघांकडेही ९००.

गुरुजी तळहात फिरवतात. पुढचं उदाहरण रत्नांचं. एकाकडे ५ माणकं, ८ नीलमणी, ७ मोती आणि ९० नाणी. दुसऱ्याकडे अनुक्रमे ७, ९, ६ आणि ६२. संपत्ती पुन्हा सारखी, पण भाव तीन. एक अक्षर पुरत नाही, म्हणून कालक आणि नीलक हे रंग येतात: माणकाच्या भावाला या, नीलमण्याच्या भावाला का, मोत्याच्या भावाला नी. काढायचं ते काढून उरतं एवढंच: २ या आणि १ का यांची बेरीज म्हणजे १ नी आणि २८.

अज्ञात तीन, समीकरण एकच. नीलमणी १ आणि मोती १ धरलास तर माणिक १४ ला पडतं. मोती ३ धर, माणिक १५. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि शेजारच्या मुलाच्या पाटीवर तिसरंच बरोबर उत्तर उमटतंय.