दहावी राहिली? मुक्त विद्यालयात कोण शिकतं, प्रवेश कसा मिळतो

ऊसतोडीला आईबापांसोबत गेलेली पोरं, लग्न झाल्यामुळं शाळा सुटलेल्या मुली, गॅरेजवर किंवा हॉटेलात कामाला लागलेले तरुण. यांच्यासाठी दहावी-बारावीचा एक सरकारी रस्ता उघडा आहे, पण गावात अनेकांना तो माहीत नसतो. केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस, १९८९ मध्ये सुरू झाली. मुख्यालय नोएडाला, तर विभागीय केंद्र पुण्यात आहे.

दहावीसाठी वय किमान १४ वर्षं लागतं, वरची मर्यादा नाही. त्यामुळं सोळा वर्षांचा पोरगा आणि चाळिशीतली आई एकाच परीक्षेला बसू शकतात. तरीही मोठा भरणा तरुणांचाच असतो. दहावीपेक्षा बारावीला प्रवेश जास्त होतात. मुलींची संख्या मात्र मुलांपेक्षा कमीच राहते. खरं तर महिलांना फीमध्ये सवलतही आहे. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि माजी सैनिकांनाही ती मिळते.

आठवी पासचा दाखला नसेल तर? दहावीला स्वयंघोषणापत्र चालतं, पण वयाचा पुरावा लागतोच. आधी नापास झालेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: मान्यताप्राप्त बोर्डात पास झालेल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण इकडं वळते करता येतात. पास व्हायला पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा. दहावी मराठी माध्यमातून देता येते.

एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते. परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. जमतील तेवढे विषय एका वेळी द्यायचे, उरलेले पुढच्या वेळी. सुगीच्या दिवसांत कामावर जाणाऱ्याला हीच खरी सोय आहे.

१७ नंबरचा फॉर्म वेगळा. तो भरला की बाहेरून बसलात तरी राज्य मंडळाचीच परीक्षा आणि तोच अभ्यासक्रम.

"परीक्षेला न बसता पास करून देतो" म्हणणारे एजंट तालुक्याच्या ठिकाणी भेटतात. त्यांना पैसे देऊ नका. प्रवेश संस्थेच्या अधिकृत वेबसाइटवर ऑनलाइन होतो. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर स्वतःचाच टाका, कारण परीक्षेचे निरोप त्यावरच येतात.