एका नगराची खानेसुमारी

खानेसुमारी म्हणजे माणसांची निव्वळ मोजदाद, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु गणना करणाऱ्याने विचारलेला प्रश्न कित्येकदा समाजालाच नवा आकार देतो. चेक देशाच्या दक्षिणेकडील चेस्के बुड्येयोवित्से, म्हणजेच जर्मनांचे बुडवाइस, या नगराचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

प्शेमिसल ओटाकर दुसरा या राजाने १२६५ साली हे नगर वसविले. पुढे नगराचा व्यापार व कारभार बहुतांशी जर्मन भाषिकांच्या हाती राहिला. भोवतालची बरीच खेडी मात्र चेक होती. १८३२ साली लिंझपर्यंतचा घोड्यांनी ओढावयाचा लोहमार्ग पुरा झाला. १८४८ साली हार्टमुट यांचा पेन्सिलींचा कारखाना व्हिएन्नाहून येथे आला. गोवळकोंड्याच्या हिऱ्याचे नाव मिरविणारी ‘कोहिनूर’ पेन्सिल ती याच कारखान्याची. उद्योग वाढले, तशी खेड्यांतील चेक माणसे नगरात येऊ लागली. दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलणारी आणि स्वतःला केवळ ‘बुडवाइसकर’ म्हणविणारी कुटुंबे तेथे थोडीथोडकी नव्हती.

१८८० च्या गणनेत ऑस्ट्रियन सरकारने प्रत्येकास त्याची ‘व्यवहारभाषा’ विचारली. मातृभाषा नव्हे, व्यवहारभाषा! हाच प्रश्न आपणांस विचारला गेला, तर दिल्लीतील किती मराठी घरे हिंदीच्या रकान्यात जातील, याचा वाचकांनीच विचार करावा. उत्तर एकच द्यावयाचे, तेही मान्य भाषांपैकी. ज्यूंची यिद्दिश त्यांत नव्हती. दुभाषी माणसाला रकानाच उरला नाही. त्या वर्षी दोन्ही बाजू जवळजवळ तुल्यबळ भरल्या आणि मग प्रत्येक गणना ही एक निवडणूकच होऊन बसली. मद्यनिर्मितीतही फूट दिसू लागली: जर्मन नागरिकांची जुनी भट्टी १७९५ ची, तर तिच्याशी स्पर्धा करणारी चेकांची १८९५ ची.

१९१० साली भाषेची नोंद झालेल्या ४४,०२२ नागरिकांपैकी २७,३०९ चेक व १६,६९२ जर्मन ठरले. तथापि मताचे वजन करभरण्यावर अवलंबून असल्याने नगरपालिका जर्मनांकडेच राहिली. १९१४ साली उभय पक्षांत तडजोड झाली: मतदारांच्या दोन स्वतंत्र याद्या कराव्यात. महायुद्ध पेटले आणि ती कागदावरच राहिली.

१९१८ साली चेकोस्लोव्हाकिया जन्मास आला. १९३० च्या गणनेपर्यंत जर्मनांचा आकडा १९१० च्या निम्म्याहूनही खाली आला. लोक काही निघून गेले, काहींनी रकाना बदलला. त्यानंतर मात्र रकाना बदलण्याची मुभा राहिली नाही. एप्रिल १९४२ मध्ये नाझींनी येथील ज्यूंना टेरेझिनला धाडले. त्यांतील फारच थोडे परतले. १९४५-४६ मध्ये जर्मनांची हकालपट्टी झाली. ज्या नोंदी एके काळी केवळ नगरपालिकेच्या जागांसाठी भांडून मिळविल्या, त्याच नोंदींवर आता कोणी राहावे व कोणी जावे हे ठरू लागले.

आज नगराची लोकसंख्या सुमारे ९५ हजार असून ती बव्हंशी चेक आहे. २०२१ च्या चेक खानेसुमारीत राष्ट्रीयत्वाचा प्रश्न ऐच्छिक होता आणि त्यास दोन उत्तरे देण्याचीही सोय होती. १८८० च्या बुडवाइसकरांना हवा होता तो हाच रकाना. तो छापून आला, तेव्हा तो भरणारी ती जुनी घरे मात्र नगरात उरली नव्हती.